बोलण्याआधीचा श्वास

"मी जाऊ का हो ईश्वरीकडे?" असं उज्ज्वलाने विचारलं, तेव्हा जयवंतराव घोरपडे पोह्यांतले शेंगदाणे निवडून बशीच्या कडेला लावत होते. त्यांनी मान वर केली, श्वास घेतला आणि म्हणाले, "जा की."

एरवी विषय तिथेच संपला असता. लग्नाला तीसेक वर्षं झालेल्या घरांत मोठमोठे विषय असेच दोन शब्दांत संपतात आणि मग माणसं दूध नासलं की काय यावर अर्धा तास बोलतात. पण तेवढ्यात लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला उज्ज्वलाचा फोन थरथरला. पडद्यावर जयवंतरावांच्या छातीचा पिंजरा उमटला, पांढऱ्या रेघांचा, मधोमध निळ्या रंगात त्यांचं नवं हाड. खाली लिहिलं होतं: 'श्वास मोठा. अपेक्षित बोलणं मोठं. झालेलं बोलणं अगदी थोडं. रुग्णाला बोलताना दुखतंय का, विचारावं.'

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय बोलणार होतात?"

"कुठं काय?" जयवंतराव म्हणाले आणि पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले.

उज्ज्वला सांगलीतल्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आणि ही तर चांगली ऐसपैस रिकामी जागा होती, खुद्द नवऱ्याच्या छातीत.

प्रश्न साधा नव्हता. ईश्वरी, त्यांची एकुलती एक लेक, फिनलंडमध्ये होती आणि दिवाळीनंतर तिचं पहिलं बाळंतपण होतं. पूर्वी लेकी माहेरी यायच्या. आता तिकडचे डॉक्टर सोडत नाहीत, विमान कंपन्या घेत नाहीत, म्हणून आयाच बाळंतविडा घेऊन निघतात. उज्ज्वलाला जायचं होतं. पण चार महिन्यांपूर्वीच जयवंतरावांची छाती उघडून पुन्हा बंद केलेली. तशा माणसाला घरी टाकून जायचं, तर त्याने मनापासून जा म्हणायला हवं. 'जा की' म्हणजे मनापासून होतं का? महिनाअखेर तिकीट पक्कं करायचं होतं, आणि तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

हे नवं हाड बसलं त्याचीही एक कथा होती. जयवंतरावांची बायपास झाली. हृदयापर्यंत पोचायला छातीचं मधलं हाड, ज्याला डॉक्टर उरोस्थी म्हणतात, ते उभं कापावं लागतं आणि नंतर दोन्ही अर्धी पोलादी तारांनी बांधून टाकतात. बहुतेकांचं ते जुळून येतं. जयवंतरावांना साखर होती, जंतू शिरले, तारा हाडातून सुरीसारख्या आरपार गेल्या. खोकला आला की हाडाची दोन अर्धी एकमेकांवर घासत, आणि तो आवाज उज्ज्वलाला स्वयंपाकघरात ऐकू येई. तेव्हा मिरजेच्या डॉक्टर शबाना इनामदारांनी सांगितलं, की हे हाड काढून टाकू आणि नवं उगवू.

"उगवू?" उज्ज्वलाने विचारलं होतं. "म्हणजे मेथीसारखं?"

"जवळपास तसंच, काकू," असं म्हणून डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा पुढे ओढला. "बरगडीवर एक पातळ आवरण असतं. ते शाबूत ठेवून आतला तुकडा काढला, तर बरगडी पुन्हा भरून येते. शरीरातली फार थोडी हाडं असला उदारपणा दाखवतात. त्या आवरणातल्या पेशी घ्यायच्या, काकांच्या उरोस्थीच्या साच्यात बारीक धाग्यांच्या जाळीवर वाढवायच्या. हाड काकांचंच. जाळी तेवढी आमची."

मग त्यांनी बोटाने बरगड्या दाखवल्या. बारा जोड्या, मागे सगळ्या पाठीच्या कण्याला धरलेल्या. पुढे मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. वरच्या सात आपापल्या कूर्चेने, म्हणजे मऊ हाडाने, थेट उरोस्थीला येऊन मिळतात, त्यांना खऱ्या बरगड्या म्हणतात. त्यांच्या खालच्या तीन वरच्या शेजारणीचा आधार घेतात, त्या खोट्या. शेवटच्या दोन कुणालाच मिळत नाहीत, त्या तरंगत्या.

"आपण पिंजरा म्हणतो, पण पिंजरा जागचा हलत नाही. हा सतत हलतो," डॉक्टर म्हणाल्या. "वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढे आणि वर उचलतात, उरोस्थीला घेऊन. खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलतात. प्रत्येक बरगडी या हाडाला किती ओढते, ते जाळीतल्या धाग्यांना कळतं आणि तुमच्या फोनवर दिसतं. आता गंमत ऐका. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो ना, तो वाक्याच्या मापाने घेतो. 'हो' म्हणायचं असेल तर घोटभर. गाऱ्हाणं सांगायचं असेल तर छाती भरून. वाक्य केवढं आहे ते तोंड उघडायच्या आधीच मेंदूला ठाऊक असतं. श्वास मोठा घेतला आणि बोलणं मात्र मध्येच सोडलं, तर आम्ही समजतो की छातीत दुखलं. एवढ्यासाठी ती सूचना येते."

"आणि दुखत नसेल तर?"

"तर मग बोलायचं राहून गेलं," डॉक्टर हसून म्हणाल्या होत्या. उज्ज्वलाही तेव्हा हसली होती.

पोह्यांच्या त्या सकाळनंतर मात्र तिचं हसू मावळलं. फोन दिवसभर थरथरू लागला. "भाजी काय करू?" मोठा श्वास, आणि "काहीही कर." "तुमच्या बहिणीचा फोन होता." मोठा श्वास, आणि "बरं." टीव्हीवर कबड्डीचा सामना लागला की श्वासांची नुसती रीघ लागे. बोलणं म्हणाल तर शून्य. जयवंतराव तरुणपणी तालमीच्या संघातून चढाया करायचे, त्या जोरावर पाटबंधारे खात्यात चिकटलेले. कबड्डीबद्दल त्यांना बोलायचं असणारच. पण बाकीचं? तीस वर्षं हा माणूस रोज एवढा ऐवज गिळत होता, आणि आपण त्याला घुमा म्हणत होतो! उज्ज्वलाला आधी वाईट वाटलं, मग राग आला, मग पुन्हा वाईट वाटलं. मग तिने बटाट्याची भाजी केली आणि ती करपली.

तिने सगळे उपाय केले. लाडीगोडी लावून विचारलं, रागाने विचारलं, गाडीवर मागे बसून विचारलं. उत्तर ठरलेलं. "कुठं काय?"

शेवटी ती एकटीच मिरजेला गेली.

"काकू, त्याहून पुढचंही एक आहे," डॉक्टर इनामदार जरा घुटमळत म्हणाल्या. "अजून चाचणीतच आहे. पक्षाघातात वाचा गेलेल्यांसाठी बनवलंय." त्यांनी सांगाड्याच्या गळ्याखाली बोट ठेवलं. उरोस्थीचा वरचा रुंद भाग तिथे असतो, दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मध्ये. जिभेच्या मुळाशी एक छोटं हाड असतं आणि त्याखाली स्वरयंत्र. त्या दोघांपासून निघालेले पट्टीसारखे स्नायू खाली येऊन या भागाच्या मागच्या अंगाला चिकटतात. माणूस शब्द जुळवू लागला की ते स्नायू आधीच ताणायला लागतात, शब्द बाहेर पडो न पडो. "त्या ताणावरून यंत्र शब्दांचा अंदाज करतं. अंदाज, बरं का. काकांना विचारून सुरू करायला हवं."

"ते 'बरं'च म्हणणार," उज्ज्वला म्हणाली. "ऑपरेशनलाही 'बरं'च म्हणाले होते."

हे खरं होतं, आणि डॉक्टरांना बाहेर तिष्ठत असलेले रुग्ण दिसत होते. त्यांनी ते सुरू करून दिलं. नंतर त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला, पण ते नंतर.

रिक्षात बसल्याबसल्या उज्ज्वलाने पोह्यांच्या सकाळची नोंद उघडली. साठवून ठेवलेल्या जुन्या ताणांवरून यंत्राने तिथे तीन वाक्यं सुचवली होती. तिन्हींची शक्यता जवळजवळ सारखीच.

'जाऊ नकोस, मला एकट्याला भीती वाटते.'

'जा, मला जरा एकट्याला राहू दे.'

'जा, पण पोह्यात मीठ कमी आहे.'

तिने ती तिन्ही पुनःपुन्हा वाचली. रिक्षा विश्रामबागेत येऊन थांबली, स्वयंचलित आवाजाने उतरायची विनंती केली, तरी ती वाचतच होती. तीस वर्षांच्या संसाराचा हिशेब या तिघांतल्या कुठल्यातरी एकात होता, आणि तिला छातीठोकपणे एकावरही बोट ठेवता येईना. भीती? या माणसाला? एकटं राहायचंय? आपल्यापासून? मिठाबद्दल मात्र तिला लगेच खात्री पटली, कारण त्या दिवशी मीठ कमी पडलं होतं हे तिला आठवत होतं.

पुढचे काही दिवस घरात नुसता गोंधळ माजला. आधी तिने भीतीचं वाक्य खरं मानलं आणि ईश्वरीला फोन करून सांगितलं, "बाई, मला नाही जमायचं. बाबांना एकटं टाकवत नाही." जयवंतराव शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, भला मोठा श्वास घेतला आणि पान उलटलं. फोनवर अंदाज आला: 'उगाच माझं निमित्त कशाला?' आणि त्याच्या खाली, 'बरं झालं.' उज्ज्वलाने संध्याकाळी लेकीला पुन्हा फोन लावला.

"आई, तू येतेयस की नाही? एक काय ते सांग," ईश्वरी वैतागली. "मला इथे दाई ठरवायची आहे."

"बाबांचं काय ते कळू दे ना."

"बाबांना विचार मग!"

"विचारलं. जा म्हणाले."

"मग ये की!"

"तसं नाही गं ते," उज्ज्वला म्हणाली. पण मग कसं आहे, ते तिला सांगता येईना. नवऱ्याच्या छातीत परस्परविरोधी मजकूर सापडलाय, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

ती जयवंतरावांच्या चेहऱ्याकडे बघेनाशीच झाली. सकाळी जाग आली की आधी नजर त्यांच्या सदऱ्याच्या बटणांवर जाई. बटण वर गेलं की फोन उचलायचा. जेवताना, दाढी करताना, देवापुढे उभे असताना. एकदा ते शिंकण्यासाठी श्वास भरून घेत होते, तर हिने घाईघाईने विचारलं, "काय, काय म्हणायचंय?" ते शिंकले. यंत्राने त्यावरही तीन अंदाज दिले होते.

आणि मग व्हायचं तेच झालं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि फोन खाली टेबलावर राहिला. खाली आली, तर जयवंतराव फोन लांब धरून, चष्म्यातून एकेक अक्षर लावत वाचत होते.

"मीठ बरोबर होतं त्या दिवशी," ते म्हणाले.

बादली तिच्या हातातच राहिली.

"हे काय आहे, उज्ज्वला?"

तिने सांगितलं. खरंखुरं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले होते, एरवी सामना हरल्यावर व्हायचे तसे.

"माझ्या छातीत काय चाललंय ते तू परस्पर वाचत बसलीस?"

"तुम्ही बोलत नाही म्हणून."

"जे बोललो नाही ते माझं आहे," जयवंतराव म्हणाले. तिच्या आठवणीत त्यांचं हे सर्वांत लांब भांडण होतं. फोन टेबलावर उपडा ठेवून ते बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून फोन थरथरायचा थांबला. पडद्यावरचा पिंजरा जागच्या जागी. वरच्या बरगड्या हलेनात, निळं हाड गप्प. जयवंतराव मात्र फिरत होते, जेवत होते, जिने चढत होते. उज्ज्वलाला आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग तिचा जीव घाबरा झाला. तेवढ्यात मिरजेहून डॉक्टरांचाच फोन आला. "काकू, काकांना घेऊन या. आजच."

तपासणीच्या खाटेवर जयवंतराव शर्ट काढून बसले होते. छातीच्या मधोमध जांभळट उभी रेघ. डॉक्टर इनामदारांनी पाठीला नळी लावली, पुढे लावली, पुन्हा मागे लावली.

"काका, श्वास घेताय ना?"

"घेतोय की."

"मग छाती का हलत नाही?"

डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर हात ठेवला, आणि त्या चमकल्या. पोट भात्यासारखं चाललं होतं. छातीला पत्ता नव्हता.

"चढाईला जाताना छाती फुगवायची नसते," जयवंतराव खाली बघत म्हणाले. "समोरचे सात जण तुमच्या छातीवरच डोळे ठेवून असतात. दम किती उरलाय हे कळलं की पाय धरतात. आमचे वस्ताद उताणं झोपवून छातीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचे. थेंब सांडला की पाठीत रट्टा. दम सगळा पोटात घ्यायचा आणि समोरच्याला छाती दगडासारखी दिसली पाहिजे."

"समोरचा म्हणजे मी?" उज्ज्वलाने विचारलं.

त्यांनी शर्ट ओढून छातीवर धरला. तिला खूप लागलं ते. भांडणाहून जास्त लागलं. आणि लागलं म्हणून राग यावा, तर तोही नीट येईना, कारण त्यांच्या छातीवर डोळे ठेवून कोण बसलं होतं?

डॉक्टरांना हसू आलं होतं, ते त्यांनी दाबलं आणि खडसावलं. "काका, हा काय खेळ आहे? वरच्या बरगड्या उचलल्या नाहीत तर तिथल्या फुफ्फुसात हवा पोचणार नाही, कफ साठेल, न्यूमोनिया होईल. आणि हाडाला ओढ मिळावी लागते. ओढ मिळाली तरच ते घट्ट होतं, नाहीतर ठिसूळ राहतं. आणखी महिनाभर असंच चाललं तर मला पुन्हा छाती उघडावी लागेल. कळतंय का?"

"ते वाचायचं बंद करा," जयवंतराव म्हणाले. "मग घेतो श्वास."

डॉक्टरांनी एकदा उज्ज्वलाकडे पाहिलं, मग त्यांच्यासमोरच ते बंद केलं. शब्दांचे अंदाज आणि न बोललेल्याच्या सूचना, दोन्ही. "चूक माझी आहे, काका. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं." मग त्यांनी कपाटातून एक रुंद पट्टा काढला. "चार महिन्यांत छातीला लावलेली सवय मोडलीत, ती आता पुन्हा शिकायचीय. निरोगी छाती कशी उचलते ते बघा आणि तसं करा. काकू, या इकडे."

पट्टा उज्ज्वलाच्या ब्लाउजवरून छातीभोवती बसला. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या बरगड्या उमटल्या, तिची उरोस्थी, खालचं छोटं टोक. स्वतःची छाती अशी भिंतीवर टांगलेली बघून तिला कसंसंच झालं.

"काहीतरी बोला, काकू. नेहमीसारखं. काकांना काहीतरी विचारा."

माणसाला काहीतरी बोला म्हटलं की डोकं रिकामं होतं. उज्ज्वलाच्या डोक्यात महिनाभर एकच वाक्य फिरत होतं, तेच बाहेर आलं.

"मी जाऊ का?"

पण त्याआधी तिने श्वास घेतला होता. पडद्यावर हापशाचा दांडा वर गेला आणि जातच राहिला. खालच्या बरगड्या कडीसारख्या दोन्ही बाजूंना फाकल्या. डॉक्टरांच्या यंत्राने कोपऱ्यात एक उभी पट्टी रंगवली होती, ती पार वरच्या कडेला जाऊन टेकली. शब्द बाहेर आले तीन. उरलेला सगळा श्वास तिने नाकावाटे हळूच सोडून दिला, आणि तोही पडद्यावर दिसला.

डॉक्टर इनामदार एकाएकी टेबलावरचं पेन शोधू लागल्या. जयवंतराव पडद्याकडे बघत राहिले.

"हे यंत्र बरोबर आहे ना?" उज्ज्वलाने विचारलं.

दवाखान्याबाहेर पडल्यावर जयवंतराव रिक्षाकडे न वळता समोरच्या हॉटेलात शिरले. ही गोष्ट ते कधी करत नसत, बाहेरचं खाल्लं की त्यांना आम्लपित्त होई. दुपारची वेळ होती, हॉटेल रिकामं होतं. दोघं समोरासमोर बसली. उज्ज्वलाचं लक्ष सवयीने त्यांच्या बटणांवर गेलं, आणि तिने ओशाळून ते काढून घेतलं. आता कुठे बघायचं तेही कळेना.

"तुझं काय वाक्य होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठं काय?" असं ती म्हणाली आणि जागच्या जागी थिजली.

जयवंतराव हसले नाहीत. "माझं सांगू? मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू विचारलंस तेव्हा श्वास घेतला, तेव्हा काहीतरी होतं. मोठं होतं. बाहेर येईपर्यंत काय होतं ते मलाच सापडलं नाही. ती तिन्ही वाक्यं मी फोनवर वाचली. त्यांतलं खरं कुठलं, हे मीही शोधतोय. मिठाचं नव्हतं, एवढं नक्की. भीती वाटते हे खरं आहे. एकटं राहावंसं वाटतं हेही खोटं नाही. माणसाच्या मनात एका वेळी एकच असलं पाहिजे का?"

उज्ज्वला त्यांच्याकडे बघत राहिली. ती महिनाभर ज्या उत्तराच्या मागे धावत होती, ते या माणसापाशी नव्हतंच. त्यांनी ते लपवलं नव्हतं. त्यांच्याकडे ते तयारच नव्हतं. आणि ती मात्र दोन शब्दांवर समाधान मानायला तयार नव्हती, कारण त्यांनी जाऊ नको म्हटलं असतं तर राहायला सोपं गेलं असतं, आणि मनापासून जा म्हटलं असतं तर जायला. कसंही असो, ठरवलं त्यांनी असतं. हे तिला आत्ता, या कळकट टेबलाशी बसून दिसत होतं, आणि तिला त्याची भयंकर लाज वाटली.

"बोल," जयवंतराव म्हणाले. "मी काही वाचत नाही. मला ऐकू येतं."

तिने श्वास घेतला. बरगड्या वर गेल्या ते तिला पहिल्यांदाच आतून जाणवलं.

"मला जायचंय," ती म्हणाली. "विचारत नाहीये, सांगतेय. ईश्वरीचं बाळंतपण आहेच, पण ते नसतं तरी मला कुठेतरी जायचं होतं. बाळंतपणापुरतं, तीन महिन्यांसाठी नाही. वर्षभर. तुम्ही बरोबर यावं असं मला वाटत नाही. मला सकाळी उठून कुणाच्याही छातीकडे बघायचं नाही, कुणाचा मूड, कुणाची औषधं, कुणाला काय म्हणायचंय. तुमचा काही दोष नाही. की आहे, मला माहीत नाही. तुम्हाला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही, आणि तरीही मी जाणार आहे, आणि..."

तिचा श्वास संपला. वाक्य संपलं नव्हतं.

जयवंतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना लागलं होतं, ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. छाती वर गेली, सदऱ्याची बटणं ताणली गेली, टाक्यांच्या जागी दुखलं असावं कारण त्यांनी तिथे तळवा दाबून धरला. आपण आत्ता मोकळ्या झालो की क्रूर झालो, हे उज्ज्वलाला कळेना. हात पुढे करून त्यांच्या हातावर ठेवावा असं तिला वाटलं, आणि ठेवला तर सगळं बोलणं मागे घेतल्यासारखं होईल असंही वाटलं. हात टेबलावर अर्ध्या वाटेत तसाच राहिला.

"वर्षभर," जयवंतराव म्हणाले.

"हो."

"बहिणीकडे नाही राहणार मी. घरीच राहीन. भाकरी शिकवून जा." त्यांचा श्वास आत-बाहेर होत होता, छातीतून, सगळ्यांना दिसेल असा. "अजून आहे का काही?"

"खूप आहे," उज्ज्वला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यांनी हॉटेलवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "मग बोल," ते म्हणाले.